रशिया नाक्यावर अडला

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वैनगंगेच्या पुलाअलीकडच्या वन तपासणी नाक्यावर रशिया अडवण्यात आला. तो टेम्पोवाल्या पोचूच्या छोट्या गाडीत, ताडपत्रीखाली, दोन गाद्यांच्या मध्ये उभा होता. शेजारी वामनराव पिलारे त्याची शिंगं धरून बसले होते.

वनरक्षक रंजीता मडावी यांनी ताडपत्री उचलली, काठीने पोटावर टकटक केलं आणि विचारलं, "हे काय होय?"

वामनरावांना आठवडाभर नीट झोप नव्हती. तोंडून निघून गेलं, "रशिया."

उत्तर खरं होतं. वामनरावांच्या आयुष्यात खऱ्या उत्तरांनी जेवढा घोळ घातला, तेवढा कुठल्याच खोट्या उत्तराने घातला नव्हता.

"काका," मडावी शांतपणे म्हणाल्या, "गाडीत सागवान दिसून राह्यला अन् तुमी मले रशिया सांगून राह्यले. लाकूड न्याचा पास आहे का?"

ताडपत्रीखाली एक लाकडी बैल होता. छातीएवढ्या उंचीचा, चार चाकांवर उभा, गळ्यात घुंगरं, कपाळावर पांढरा-निळा-लाल पट्टा आणि पाठीवर प्लास्टिकच्या पाइपाची तोफ. तो वामनरावांच्या थोरल्या भावाचा, भैयाजींचा होता आणि उद्या संध्याकाळी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, यायच्या आत नदीपलीकडे, आरमोरीकडच्या गावी, जसा नेला तसा पोहोचायचा होता. "जसा नेला तसा" हे शब्द भैयाजींचे. भैयाजींशी वामनरावांचं बोलणं गेल्या दिवाळीतच पुन्हा सुरू झालं होतं. वाटणीनंतर बरीच वर्षं ते बंद होतं, आणि पुन्हा बंद पडायला त्याला फार मोठं कारण लागलं नसतं.

प्रकरणाची सुरुवात ब्रह्मपुरीत, वामनरावांच्या गल्लीच्या तोंडावर प्रफुल दोनाडकरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथल्या बाकावर झाली. जगाचं राजकारण या बाकावर रोज निकालात निघतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं जातं. युरोपातल्या युद्धापासून बाकावर दोन पक्ष पडले होते. एकाचं म्हणणं, नाटोपुढे रशिया काहीच नाही. दुसऱ्याचं म्हणणं, रशिया एकटा सगळ्यांना पुरून उरेल. यावरून दोन घरांतला वाटीभर साखर देण्याघेण्याचा व्यवहार थांबला, तेव्हा प्रफुलने ठरवलं की यंदाच्या गणपतीत देखावाच या विषयाचा करायचा: 'नाटो आणि रशिया, कोणाचं बळ किती?' म्हणजे कायमचा निकाल लागेल.

प्रफुल गणेश मंडळाचा अध्यक्ष. त्याच्या देखाव्यांना इतिहास आहे. एके वर्षी प्लास्टिकच्या पाइपांचं रॉकेट ऐन आरतीत पुजाऱ्याच्या अंगावर आलं होतं. गेल्या वर्षी 'वाघ वाचवा' देखाव्यातल्या वाघाचा फोटो मोबाइलवरून असा फिरला, की वनखात्याची माणसं पिंजरा घेऊन मंडपात आली.

"काकाजी," प्रफुल वामनरावांना म्हणाला, "हे आकड्याचं काम तुमच्याशिवाय कोनी करू शकत नाई."

सरकारी नोकरी केलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ कळतो. बाकीचे सगळे नाही म्हणून गेलेले असतात. पण वामनरावांची सगळी नोकरी आकडेमोडीत गेली होती. शेवटची कित्येक वर्षं ते पशुगणनेवर होते. गोठ्यातल्या गाईंची संख्या मालक एक सांगतो, शेजारी दुसरी सांगतो आणि खरी संख्या तिसरीच असते, हे ज्ञान त्यांनी पायाला चिखल लावून मिळवलं होतं. निवृत्तीनंतर त्या ज्ञानाला गिऱ्हाईक नव्हतं. ते हो म्हणाले.

"घरात भरलेलं सिलिंडर आहे का नाई, ते तुमाले माहीत नसते," त्यांच्या पत्नी सत्यशीलाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अन् रशियाचे रणगाडे मोजाले चालले."

रणगाडे मोजणं गाई मोजण्यापेक्षा अवघड निघालं. एका ठिकाणी एक आकडा, दुसरीकडे त्याच्या दीडपट. चालू किती, बंद किती, गोदामात गंजत पडलेले किती, हे कोणी सांगेना. वामनरावांनी जन्मात पहिल्यांदा 'अंदाजे' हा शब्द लिहिला आणि त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. सैनिक, रणगाडे, विमानं, जहाजं असे रकाने पाडले. अण्वस्त्रांचा रकाना करावा की नाही, यावर बाकावर चर्चा झाली. "तिथी सुतळी बॉम्ब ठेवून देऊ," असं प्रफुलने सुचवल्यावर तो रकाना गाळण्यात आला.

आता तक्ता कोण वाचणार? डोळ्यांना काहीतरी दिसलं पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा झालाच होता. पोरांनी सजवून मिरवलेले चाकांचे लाकडी बैल घरोघरी ओसरीवर उभे होते. प्रत्येक बैलाच्या पाठीवर अगरबत्तीच्या पुठ्ठ्याची नळी काळी रंगवून बांधली, की झाला रणगाडा. एक बैल म्हणजे एक देश. ही कल्पना वामनरावांचीच, आणि ती सुचली तेव्हा त्यांना तिचा अभिमानही वाटला, याची इथे नोंद करायला हवी.

नाटोचे देश बत्तीस. गल्लीत आणि मागच्या गल्लीत मिळून बत्तीस बैल जमले. मग गळ्यात पाट्या बांधायला सुरुवात झाली आणि आघाडी चालवणं म्हणजे काय, ते वामनरावांना समजू लागलं.

"वामनभाऊ," समोरच्या रुखमाबाई बैल काखेत घेऊनच आल्या, "माह्या बैलाच्या गळ्यात हे काय लटकवलं?"

"लक्झेंबर्ग. देश आहे."

"केवढा?"

वामनरावांना खोटं बोलता येत नाही. "आपले दोन-तीन तालुके मिळून होईल एवढा."

"अन् प्रफुलचा बैल?"

"अमेरिका."

"त्याच्या बैलाचा एक कान तुटला आहे! माह्याच्या गळ्यात चांदीचा घुंगरू आहे, अन् तो तीन तालुक्याचा?"

ती समजूत घालतात न घालतात तोच पलीकडच्या साधना बागमारे आल्या. त्यांच्या बैलाला आइसलंड मिळालं होतं, आणि आइसलंडला स्वतःचं सैन्य नसल्यामुळे वामनरावांनी त्यावर तोफ बांधली नव्हती.

"काकाजी, आमच्याच बैलाची तोफ काऊन काढली?"

"काढली नाही, बाई. त्या देशाला सैन्यच नाही."

"मंग तो लढाईत आला कायले?"

हा प्रश्न योग्य होता. वामनरावांनी त्यावर घरी जाऊन बरंच वाचलं, पण साधनाबाईंना पटेल असं उत्तर मिळालं नाही.

रशिया व्हायला मात्र कोणाचाच बैल तयार होईना. बाकावर रशियाची बाजू घेणारेसुद्धा म्हणाले, पोरगं रडते, बत्तीस जणांसमोर एकटा कसा उभा करू? शिवाय वामनरावांच्या हिशोबाने एकट्या रशियासाठी मोठा बैल हवा होता. तसा बैल त्यांच्या माहितीत एकच होता.

तो वडिलांनी दोन्ही भावांसाठी मिळून करवून घेतला होता. लहानपणी तान्ह्या पोळ्याला दोघं एकाच दोरीने तो ओढत. वाटणीत तो थोरल्याकडे गेला. भैयाजी अजूनही दरवर्षी नातवंडांच्या पुढे स्वतः दोरी धरून त्याला तोरणाखाली नेतात, आणि महालक्ष्म्यांच्या वेळी तो मखरापुढे उभा असतो.

"कायले पाहिजे?" भैयाजींनी विचारलं.

वामनरावांनी सगळं सांगितलं.

"रशियाच्या बाजूनं कोन आहे?"

"एकटाच आहे, भाऊ."

भैयाजींनी सुपारी कातरली. "मंग ने. एकट्याले मजबूत बैल पाहिजे. पण महालक्ष्म्या याच्या आत घरी आला पाहिजे. अन् जसा नेला तसा."

येताना वैनगंगेच्या पुलावर पाऊस असा कोसळत होता, की नाक्यावरून कोणी बाहेर आलं नाही. गावात शिरताना मात्र पोचूचा टेम्पो खड्ड्यात गेला आणि बैलाच्या मागच्या चाकाची दोन छकलं झाली. ही मंगळवारची गोष्ट. वामनराव खाली उतरून छकलं गोळा करू लागले. "टेन्शन नका घेऊ, काकाजी," म्हणत प्रफुलने संध्याकाळपर्यंत नवं चाक आणून बसवलंसुद्धा. हुबेहूब. काळं पॉलिशही मारलं. वामनरावांनी जुन्या चाकाची छकलं कापडी पिशवीत ठेवली. भावाला सांगायचं, हे नक्की होतं. फक्त बैल पोहोचवल्यावर सांगायचं, असं त्यांनी ठरवलं.

बुधवारी गणपती बसले, देखावा उघडला. एका बाजूला बत्तीस चिमुकले बैल, समोर एक मोठा बैल, मागे तक्ता. तक्त्यावर बहुतेक रकान्यांत नाटोची बेरीज ठळक मोठी होती. ती कोणी पाहिली नाही. बायाबापड्या आल्या त्या थेट मोठ्या बैलापुढे गेल्या. कोणी कुंकू लावलं, कोणी मोदकाचा तुकडा तोंडाला लावला. गुरुवारी दुपारपर्यंत रशियाच्या पायाशी दूर्वांचा ढीग झाला होता आणि तक्त्याच्या खिळ्याला ओल्या छत्र्या टांगलेल्या होत्या.

"काकाजी," नाटोच्या बाजूचे रागावले, "बेरजेत नाटो जास्त, मंग दिसाले रशिया काऊन मोठा?"

"एकेक पाहू नका. सगळे मिळून पाहा."

पण मिळून कोणीच पाहत नव्हतं. प्रत्येक घर यायचं आणि आपलाच बैल पाहून जायचं. कुठे ठेवला, कोणाच्या मागे ठेवला, हार घातला की नाही. गुरुवारी संध्याकाळी मंडपाच्या कापडातून लक्झेंबर्गवर पाणी गळताना रुखमाबाईंनी पाहिलं. अमेरिका पत्र्याखाली कोरडी होती. त्यांनी आरती संपायचीही वाट पाहिली नाही. बैल उचलला आणि निघाल्या. त्यांच्या जाऊबाई कलाबाईंनी मागोमाग बेल्जियम नेलं. शुक्रवारी सकाळी आइसलंडची जागा रिकामी दिसली. कोणी गेलं, की वामनराव तक्त्याजवळ जाऊन छत्र्या बाजूला करत आणि बेरीज दुरुस्त करत.

"काकाजी, आकडे कमी काऊन करून राह्यले?" प्रफुल कळवळून म्हणाला.

"सदस्य गेले."

"अवो, तो देखावा आहे!"

"देखावा तुझा. आकडा माझा."

आघाडीचं बळ कागदावर बेरजेने काढतात आणि जमिनीवर ते रोजच्या रोज रुसव्यांतून वजा होतं, असं वामनरावांचं मत शुक्रवारपर्यंत बनलं. हा रकाना कोणत्याच तक्त्यात नसतो. असो. शनिवारी पहाटे त्यांनी रशियाला टेम्पोत चढवलं, आणि आपण पुन्हा नाक्यावर येतो.

रंजीता मडावी वाईट बाई नव्हत्या. त्यांनी बैलाला एक चक्कर मारली. "घरचा जुना सामान असला त जाऊ देते, काका. जुनाच आहे ना?"

"वडिलांच्या वेळचा."

मडावी खाली वाकल्या. मागच्या चाकावर त्यांनी नख फिरवलं, मग नाक जवळ नेलं. "हे चाक?"

इथे एक लहानसं खोटं पुरलं असतं, असं सत्यशीलाबाई आजही म्हणतात.

"मंगळवारचं," वामनराव म्हणाले.

"लाकूड कुठचं?"

त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी प्रफुलला फोन लावला. मडावींच्या सांगण्यावरून स्पीकर चालू केला.

"प्रफुल, चाकाचं लाकूड कुठलं रे?"

"एक नंबर सागवान, काकाजी! ताजा माल!"

"बिल आहे का त्याचं?"

"बिल कायचं? ओळखीतला माणूस आहे. कोनाले सांगू नका फक्त."

पोचूने टेम्पोचं इंजिन बंद केलं. मडावींनी कागद काढला. वामनरावांना राग आला नाही. यांच्या जागी आपण असतो तर हेच केलं असतं, या विचाराने ते उलट अधिकच थकले.

"वस्तूचं नाव काय लिहू?"

"लाकडी बैल."

"मघाशी तुमी रशिया सांगितलं."

"मग दोन्ही लिहा."

'लाकडी बैल (रशिया), नग एक,' असं लिहिलं गेलं. वामनरावांनी वाचून, अनुस्वार पाहून सही केली. बैल नाक्यामागच्या डेपोच्या शेडमध्ये, ओंडक्यांशेजारी उभा राहिला. पुढचा निर्णय मोठे साहेब घेणार होते, आणि मोठे साहेब शुक्रवारपासून वाघाच्या मागे होते. एका गावाजवळ धानाच्या बांधीत वाघ दिसला होता.

वामनरावांनी पुन्हा फोन करून बैल जप्त झाल्याचं कळवलं, तशी प्रफुलने गल्लीत हाक दिली. तासाभराने नाक्यावर पहिली ऑटो आली. तीतून लक्झेंबर्ग काखेत घेऊन रुखमाबाई उतरल्या.

"तुम्ही कशाला आलात?" वामनराव म्हणाले. "तुम्ही तर बाहेर पडला होतात."

"आपसातलं भांडण अलग," रुखमाबाई पदर खोचत म्हणाल्या. "आपल्या गल्लीचा बैल नाक्यावर पकडून ठेवतीन, अन् आमी घरी मोदक खात बसाव?"

"बैल कशाला आणला पण?"

"दाखवाले! घरोघरी बैल आहे, कोनाच्या बापानं पास काढला का म्हनून विचारतो."

मागोमाग कलाबाई बेल्जियम घेऊन आल्या. साधनाबाई आइसलंड घेऊन आल्या. त्यांनी वाटेत स्वतःच्या हाताने त्यावर तोफ बांधली होती. मग दोन जीप भरून उरलेला नाटो आला. पुढे प्रफुल, अमेरिका छातीशी धरून. वामनराव दोन्ही हात वर करून लांबूनच 'परत जा, परत जा' अशा खुणा करत होते. गल्लीला वाटलं, काकाजी स्वागत करत आहेत. बैल रस्त्याच्या कडेला ओळीने मांडले गेले, तोफा नाक्याकडे तोंड करून. आघाडी स्थापन झाल्यापासून इतकी एकजूट तिने पहिल्यांदाच दाखवली, आणि तीही रशियासाठी.

मडावी बाहेर आल्या. त्यांनी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"हे सगळे सागाचे का?"

"मंग काय!" रुखमाबाई अभिमानाने म्हणाल्या. "आंब्याचा बैल कोन ठेवते?"

त्यातले अर्धे यंदाच्या पोळ्याला नवे केलेले होते. एकाचंही बिल नव्हतं. मडावींनी कपाळावरचा घाम पुसला, दुसरा कागद काढला आणि वामनरावांना विचारलं, "काका, देशांची नावं तुमीच सांगा. मले येत नाई."

वामनरावांनी सांगितली. वर्णानुक्रमाने.

रविवारी दुपारी भैयाजी आले. एस.टी.तून उतरले, ओलं धोतर झटकत शेडमध्ये गेले. बैलाच्या कपाळावरचा रंगीत पट्टा सोलून काढला, पाठीवरचा पाइप सोडवून बाजूला ठेवला, अंगावरून हात फिरवत मागे आले आणि उकिडवे बसले.

"चाक कोनाचं?"

वामनरावांनी पिशवीतून दोन छकलं काढून पुढे केली. भैयाजींनी ती जुळवून पाहिली. जुळत होती.

"मले सांगाव होतं."

"सांगणार होतो, भाऊ."

"कधी?"

"पोचवल्यावर."

भैयाजी उठले आणि मडावींकडे वळले. "बाई, बैल जुना, माहा. चाक नवं, याचं. चाक ठेवा तुमच्याजवळ, बैल द्या. तीन चाकांवर नेतो मी."

"बाबा, कागदावर नग एकच आहे," मडावी खरोखर वाईट वाटून म्हणाल्या. "चाक अलग कराचा अधिकार साहेबाले."

"साहेब कुठी?"

"वाघामागं."

भैयाजींनी मान हलवली. धाकट्याकडे न पाहता ते परतीच्या एस.टी.त बसले. त्या संध्याकाळी महालक्ष्म्या बैलाविना आल्या.

सोमवारी, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, ते पुन्हा आले. हातात डबा होता. त्यांनी शेडमध्ये पान मांडून बैलाला नैवेद्य दाखवला. एक पुरणपोळी मडावींना दिली, एक रुखमाबाईंना. रुखमाबाई लक्झेंबर्ग सोडून जायला तयार नव्हत्या आणि दोन दिवस डेपोतच ठाण मांडून होत्या. मग भैयाजी ओंडक्यावर बसले. दुसऱ्या टोकाला वामनराव होते. डबा मधे ठेवला होता. त्यात दोन माणसांचं जेवण होतं. भैयाजींनी आपलं खाल्लं आणि डबा ओंडक्यावरून पलीकडे सरकवला.

सोमवारी संध्याकाळपर्यंतची स्थिती अशी आहे. रशिया डेपोत आहे. त्याच्याभोवती नाटोचे एकोणतीस सदस्य आहेत. उरलेले तीन आधीच रुसून घरी गेले होते आणि त्या घरांना कुलूप असल्याने ते येऊ शकले नव्हते. मंडपात बैल नसल्यामुळे लोक आता तक्ता वाचतात, आणि जहाजांच्या बेरजेत चूक असल्याचं दोघांनी कळवलं आहे. वामनरावांनी ती अजून तपासलेली नाही. जुन्या चाकाची छकलं भैयाजींनी जाताना आपल्या पिशवीत घातली. महालक्ष्म्यांचं विसर्जन उद्या आहे.

वाघ अजून सापडलेला नाही.